श्रीमंतांवरील कर : दराचा वाद आणि पायाचा प्रश्न

१९०२ सालच्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस कलकत्ता येथें वरिष्ठ कायदेमंडळांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं अंदाजपत्रकावरील आपलें पहिलें भाषण केलें. वयाची छत्तिशी तेव्हां पुरी व्हावयाची होती. सरकारच्या तिजोरींत लागोपाठ कांहीं वर्षें शिल्लक पडत होती, आणि ही शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण, असें अर्थखात्याकडून सांगण्यांत येत होतें. गोखल्यांनीं हें गृहीतच खोडून काढलें. शिल्लक पडते ती रयत सुखी आहे म्हणून नव्हे, तर गरजेहून अधिक कर वसूल केला जातो म्हणून, असा त्यांचा रोख होता. त्यांनीं ज्या सवलती मागितल्या त्यांत दोन अगदीं शेजारीं शेजारीं होत्या. मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता, तो कमी करावा ही एक. आणि प्राप्तिकराची माफी वर्षाला ५०० रुपयांखालील मिळकतीस होती, ती १,००० रुपयांपर्यंत न्यावी ही दुसरी. पुढच्याच वर्षीं, १९०३ मध्यें, या दोन्ही गोष्टी पदरांत पडल्या.

मीठ आणि मिळकत यांचा उच्चार गोखल्यांनीं एकत्र करावा यांत योगायोग नव्हता. राज्य चालवावयाचें म्हणजे पैसा लागतो, आणि तो मुख्यतः दोन वाटांनीं येतो. मनुष्य जें मिळवितो किंवा बाळगतो त्यावर कर बसवावा, नाहीं तर मनुष्य जें खातो, पितो, नेसतो त्यावर बसवावा. (कर्ज काढण्याची तिसरी वाट आहे खरी, पण तेंही पुढें करांतूनच फेडावयाचें असतें.) पहिल्या वाटेनें गेल्यास ज्याच्यापाशीं अधिक आहे त्याच्याकडे अधिक मागतां येतें. दुसऱ्या वाटेनें गेल्यास ती सोय उरत नाहीं. कारण लखपतीच्या आमटींत मजुराच्या आमटीहून शंभरपट मीठ पडत नाहीं. तराजूच्या एका पारड्यांतून जें काढावें तें दुसऱ्यांत घालावें लागतें. हा हिशेब मनाशीं धरला म्हणजे श्रीमंतांवरील कर वाढवावे कीं वाढवूं नयेत, या वादाचें स्वरूप उलगडूं लागतें.

राजकारणांत हा वाद बहुधा दराच्या आकड्यावरून चालतो. शेंकडा तीस कीं चाळीस, पन्नास कीं सत्त्याण्णव? आकडा घोषणेंत बसतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत बसतो, आणि सभेंत टाळ्याही घेतो. परंतु तिजोरींत काय पडलें हें जितकें दरावर अवलंबून असतें तितकेंच, किंबहुना अधिक, कर कशावर बसला आणि कशास वगळलें यावर अवलंबून असतें. यासच कराचा पाया म्हणतात. हिंदुस्थानचा सुमारें एकशें पासष्ट वर्षांचा अनुभव पाहिला तर दराविषयींचीं भांडणें मोठ्यानें झालीं आणि पायाविषयींचे निर्णय मुकाट्यानें झाले, असेंच दिसून येतें.

या इतिहासाचा आरंभ १८५७ च्या उठावानंतर झाला. तो उठाव मोडतांना सरकार कर्जांत बुडालें, आणि राज्याचा जमाखर्च सावरण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन यांस पाठविण्यांत आलें. ‘इकॉनॉमिस्ट’ हें पत्र काढणारे ते हेच. १८६० सालीं त्यांनीं येथें पहिला प्राप्तिकर बसविला. २०० रुपयांखालील मिळकतीस माफी, २०० ते ५०० रुपयांपर्यंत शेंकडा २ आणि त्यावरील मिळकतीस शेंकडा ४, असे दर होते. कर ही परकीयांची टूम नव्हे हें दाखविण्यासाठीं विल्सनसाहेबांनीं आपल्या भाषणांत मनूचा आधार घेतला होता! लोकांच्या गळीं तो कितपत उतरला कोण जाणे. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीं तर या कराविरुद्धचें आपलें मत उघड प्रसिद्ध केलें, आणि त्यापायीं त्यांस परत बोलावण्यांत आलें. विल्सन त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारले, आणि १८६५ सालीं करही गेला. एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये : या पहिल्या करांत जमिनीचें उत्पन्न धरलेलें होतें. व्यापारी सांपडे तसा जमीनदारही सांपडे.

मधल्या वीस वर्षांत कर येत राहिले आणि जात राहिले. कायमचा कायदा झाला तो १८८६ सालीं. २,००० रुपयांवरील मिळकतीस रुपयास ५ पै, म्हणजे १९२ पैंतून ५, हा दर आजच्या मानानें क्षुल्लक वाटावा. पण या कायद्यानें शेतीचें उत्पन्न करांतून वगळलें. जमीनधारक सारा भरतोच, त्यावर पुन्हां कर कशाला, हें त्याचें कारण. तें ऐकावयास रास्त आहे, आणि आमच्याकडील रयतवारी मुलखांतल्या लहान शेतकऱ्यापुरतें तें खरेंही होतें. त्याच्या साऱ्याची फेरआकारणी दर पिढीस होत असे. बंगालच्या जमीनदाराची गोष्ट निराळी. त्याचा सारा १७९३ च्या कायमधाऱ्यानें ठरून गेलेला होता, आणि मधल्या काळांत त्याचें उत्पन्न मात्र वाढत गेलें होतें. गरिबास दिलेल्या न्यायाच्या आडोशाला धनवानास माफी मिळते, हा प्रकार पुढेंही वारंवार आढळतो.

१९३५ च्या कायद्यानें शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला. बिहारनें १९३८ सालीं तो वापरला, आसामनें १९३९ सालीं. स्वतंत्र भारताच्या घटनेनेंही हीच वांटणी कायम ठेवली. १९७२ सालीं के. एन. राज यांच्या समितीनें मोठ्या जमीनधारणेवर कर बसविण्याची योजना मांडली, पण राज्यांच्या विधिमंडळांत जमीनदारवर्गाचें वजन किती असतें हें सांगावयास नको. योजना कागदावर राहिली.

दराचा पहिला मोठा राजकीय संग्राम झाला तो १९४७ च्या फेब्रुवारींत. हंगामी सरकारांत अर्थखातें मुस्लिम लीगकडे होतें आणि लियाकत अली खान अर्थमंत्री होते. त्या महिन्याच्या २८ तारखेस त्यांनीं जें अंदाजपत्रक मांडलें त्यांत गांधीजींच्या दांडीयात्रेपासून गाजत आलेला मिठावरील कर साफ काढून टाकला होता. दुसऱ्या पारड्यांत त्यांनीं काय घातलें? एक लाखाहून अधिक असलेल्या व्यापारी नफ्यावर शेंकडा २५ कर; मालमत्ता विकून होणाऱ्या भांडवली नफ्यावर कर; आणि युद्धकाळांत कर चुकवून गबर झालेल्यांच्या चौकशीसाठीं एक मंडळ. संपत्ति केवळ श्रीमंतांतच फिरत राहूं नये या कुराणांतील आज्ञेचा त्यांनीं दाखला दिला. विल्सनांनीं मनु काढला, लियाकत अलींनीं कुराण. कर बसविणारास धर्मशास्त्र नेहमींच हाताशीं लागतें.

या अंदाजपत्रकानें व्यापारी जग हादरलें. विषमता कमी करावी हें काँग्रेसचेंच धोरण. त्यामुळें तत्त्वतः विरोध करणें अवघड झालें. पण मोठे कारखानदार बहुतेक काँग्रेसच्या बाजूचे व बहुतेक हिंदु. तेव्हां हा कर समतेसाठीं कीं शत्रूचें कंबरडें मोडण्यासाठीं, असा प्रश्न उभा राहिला. दोन्ही हेतु एकाच माणसाच्या मनांत असूं शकतात, हें त्या गडबडींत फारसें कोणी बोललें नाहीं. अखेर तडजोड झाली, आणि व्यापारी नफ्यावरील कर २५ वरून शेंकडा १६ पूर्णांक दोन तृतीयांशांवर आला. भांडवली नफ्यावरील कर १९४९ च्या अंदाजपत्रकानें गेला तो १९५६ पर्यंत परतला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर संपत्तीस हात घालण्याचें पहिलें पाऊल एका महाराष्ट्रीयानें टाकलें. महाडाजवळच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतांना, १९५३ च्या ऑक्टोबरांत, मृत्युकर अमलांत आला. मनुष्य मरण पावल्यावर त्याच्या मागें राहिलेल्या मालमत्तेंतून, ती वारसांच्या हातीं जाण्यापूर्वीं, सरकारनें आपला भाग घ्यावा, असें त्याचें स्वरूप. बापानें कमावलें त्याचें श्रेय बापाला. मुलानें केवळ जन्म घेतला, त्याला तें सगळेंच कां मिळावें? हा युक्तिवाद. उलट बाजूचें उत्तर असें कीं, बापानें कमावतांना एकदां कर भरलेलाच आहे. दोन्ही म्हणणीं वजनदार आहेत. आणि जगांत जेथें जेथें हा कर आहे तेथें तेथें तीं अजून चालूं आहेत.

१९५६ च्या आरंभीं केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर हिंदुस्थानांत आले आणि त्यांनीं करपद्धतीवर एक अहवाल लिहिला. या अहवालाचें मर्म थोडें सावकाश समजून घेण्याजोगें आहे. समजा, एका गांवांत दोघेजण आहेत आणि दोघांचीही मिळकत वर्षाला बारा हजार रुपये आहे. एक मास्तर आहे. त्याची मिळकत नोकरीची. दुसऱ्याचा चौसोपी वाडा आहे. त्याची मिळकत भाड्याची. प्राप्तिकराच्या दृष्टीनें दोघे सारखे. पण मास्तर आजारी पडला कीं मिळकत थांबली. वाडेवाला झोपला तरी भाडें येतच राहतें, आणि वाड्याची किंमत वाढते ती वेगळीच. म्हणजे मिळकत हें ऐपतीचें अपुरें माप आहे. म्हणून कॅल्डॉर यांनीं सुचविलें कीं मिळकतीबरोबर निव्वळ संपत्तीवर दर वर्षीं थोडा कर असावा, भांडवली नफ्यावर असावा, दानावर असावा, आणि मोठ्या खर्चावरही असावा. हे पांच कर एकाच विवरणपत्रांत भरले म्हणजे ते एकमेकांवर पहारा ठेवतील. एकानें घर विकल्याचें लपविलें, तरी तेंच घर घेणाराच्या संपत्तींत दिसेल. मिळकत लपविली, तरी खर्च बोलेल.

या योजनेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. जाळें इतकें बारीक विणल्यावर प्राप्तिकराचा वरचा दर भयंकर ठेवण्याचें कारण नाहीं. तो शेंकडा ४५ वर आणावा, असें कॅल्डॉर यांचें म्हणणें होतें. सरकारनें काय केलें? १९५७ सालीं टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं संपत्तिकर आणि खर्चकर आणले; १९५८ सालीं दानकर आला. वरचा दर मात्र ४५ च्या कितीतरी वरच राहिला, आणि नव्या करांत माफ्यांचीं भोंकें सुरुवातीपासून पडलीं. वैद्यानें सांगितलेलें औषध घ्यावें आणि पथ्य टाळावें, तसें झालें. खर्चकर १९६२ सालीं गेला, १९६४ सालीं पुन्हां आला, १९६६ सालीं कायमचा गेला.

आतां दराच्या शिखराकडे येऊं. १९७१ सालीं यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असतांना प्राप्तिकराचा वरचा दर अधिभार धरून शेंकडा ९७.७५ झाला. या आकड्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. सगळ्या मिळकतीवर हा दर कधींच नव्हता. प्राप्तिकर जिन्याप्रमाणें चढतो. प्रत्येक पायरीवरचा दर त्या पायरीवरच्या पैशापुरताच असतो, आणि वरची पायरी चढल्यानें खालचा कर बदलत नाहीं. ९७.७५ चा दर होता तो दोन लाखांवरील मिळकतीस. पण त्या पायरीवर गेलेल्या माणसाच्या पुढच्या शंभर रुपयांतले त्याच्यापाशीं २ रुपये २५ पैसेच उरत, हेंही खरें. शिवाय संपत्तिकर वेगळा. ज्याचें भांडवल शंभरास सहा रुपये मिळवून देतें, त्याच्या सहांतून प्राप्तिकर साडेपांचांहून अधिक नेणार, आणि त्याच शंभरांवर संपत्तिकर रुपया-दोन रुपये मागणार. म्हणजे एकूण कर उत्पन्नाहून अधिक. असा कर प्रामाणिकपणें भरावयाचा तर मालमत्ता विकीत बसावें लागेल.

बहुतेकांनीं ती विकली नाहीं, कारण असा कर बहुतेकांनीं भरलाच नाहीं. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या समितीनें १९७१ च्या डिसेंबरांतील अहवालांत स्पष्ट म्हटलें कीं, कर चुकविण्याचें मोठें कारण हे अवाच्या सवा दरच होत, आणि वरचा दर शेंकडा ७५ वर आणावा. चव्हाणांनींच १९७४ सालीं तो अधिभारासह ७७ वर आणला. पुढें उतरती कळा लागली : १९७६ सालीं ६६, १९८५ सालीं ५०, १९९२ सालीं ४०, १९९७ सालीं ३०.

ज्यांना कर टाळावयाचा होता त्यांना चोरीच करावी लागे असेंही नाहीं. हिंदु एकत्र कुटुंबास कायदा स्वतंत्र करदाता मानतो. तेव्हां एकच गृहस्थ स्वतःच्या नांवानें एक आणि कुटुंबाचा कर्ता म्हणून दुसरा, असे दोन हिशेब ठेवूं शकतो, आणि माफी दोन्हीकडे मिळते. वांटणी केली कीं कुटुंबें वाढलीं. तितक्या माफ्या वाढल्या. खाजगी विश्वस्त निधि केले कीं आणखी तुकडे. जिना उंच असेल तर वर न चढतां तळमजल्यावरच दहा खोल्या घ्याव्या, अशी ही युक्ति आहे, आणि ती पूर्णपणें कायदेशीर आहे. पगारदाराला मात्र असे तुकडे करतां येत नाहींत. त्याचा कर पगार हातीं पडण्यापूर्वींच कापला जातो.

मृत्युकराची गतही अशीच झाली. १९६६ पर्यंत त्याचा वरचा दर शेंकडा ८५ पर्यंत चढला होता. मृत्यूपूर्वीं दोन वर्षांच्या आंत दिलेलें दान मृताच्याच मालमत्तेंत धरावें, असा नियम होता. अर्थात् दोन वर्षें आधीं शहाणपण सुचलें कीं सुटका. १९८५ सालीं अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनीं संसदेला सांगितलें कीं या करापासून वर्षाला जेमतेम वीस कोटि रुपये येतात, वसुलीचा खर्च त्यामानानें फार, आणि एकाच मालमत्तेवर संपत्तिकर व मृत्युकर असे दोन कायदे लावणें म्हणजे लोकांस छळणें होय. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंस तो कर उरला नाहीं. पंचायशींचा दर आणि वीस कोटींचें उत्पन्न! एवढ्या दोन आकड्यांत त्या कराचा सारा इतिहास आला.

संपत्तिकर आणखी तीस वर्षें जगला, पण कसा? १९९२ च्या अंदाजपत्रकानें चेल्लय्या समितीच्या सल्ल्यास धरून असें ठरविलें कीं उत्पादक संपत्तीवर हा कर नको, केवळ अनुत्पादक संपत्तीवर असावा. म्हणजे कंपन्यांचे भाग, ठेवी, रोखे हे सर्व बाहेर. दागिने, मोटारी, शहरांतील मोकळी जमीन, दुसरें घर हें आंत. मर्यादा १५ लाख, दर सरसकट शेंकडा १. उद्योगांत पैसा गुंतावा हा हेतु चांगला होता. परिणाम मात्र असा झाला कीं हजारों कोटींचे भाग बाळगणारा कारखानदार त्या भागांपुरता मोकळा, आणि सासूचे दागिने व माहेरचें घर वांट्यास आलेली एखादी विधवा बाई करास पात्र. श्रीमंतांची खरी श्रीमंती ज्यांत सांठते तेंच वगळल्यावर संपत्तिकर हें नांवच उरलें. २०१३-१४ सालीं साऱ्या देशांतून त्याचे १,००८ कोटि आले. केंद्राच्या एकूण करांच्या हजारांत एक भागही नव्हे. २०१५ सालीं अरुण जेटली यांनीं तो काढून टाकला आणि त्याबदलीं एक कोटीवरील मिळकतीवर शेंकडा २ जादा अधिभार बसविला, ज्यापासून सुमारें ९,००० कोटि अपेक्षित होते.

नऊपट उत्पन्न, कटकट कमी. सौदा चांगला दिसतो. तथापि त्यांत दोन गोष्टी हळूच बदलल्या. कर संपत्तीवरून उठून पुन्हां मिळकतीवर आला. ज्याच्यापाशीं संपत्ति फार पण कागदोपत्रीं मिळकत थोडी, तो सुटला. दुसरें असें कीं, केंद्राच्या करांत राज्यांचा वांटा असतो, पण अधिभारांत नसतो. श्रीमंतांकडून आलेल्या या पैशावर शाळा, दवाखाने चालविणाऱ्या राज्यांचा हक्क उरला नाहीं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मुख्यतः दोन टक्क्यांची.

२०१९ च्या जुलईंत निर्मला सीतारामन् यांनीं दोन कोटींवरील मिळकतीस शेंकडा २५ आणि पांच कोटींवरील मिळकतीस शेंकडा ३७ असा अधिभार ठेवला, तेव्हां वरचा दर ४२.७४ वर गेला. त्याचा फटका विश्वस्त निधीच्या रूपानें गुंतवणूक करणाऱ्या परकीय संस्थांसही बसला, भागबाजार घसरला, आणि २३ ऑगस्ट रोजीं भागांच्या भांडवली नफ्यावरील वाढ मागें घेण्यांत आली. पगाराच्या मिळकतीवर ती राहिली. २०२३ सालीं नव्या करपद्धतींत ३७ चा अधिभार २५ वर आला आणि वरचा दर ३९ झाला. भागबाजारास आवाज आहे, आणि तो एका दिवसांत दिल्लीस ऐकूं जातो.

या विषयाला राजकारणी किती बिचकतात याचीं दोन उदाहरणें अगदीं अलीकडचीं आहेत. २०२० च्या एप्रिलांत, साथीच्या दिवसांत, महसूल सेवेंतील कांहीं तरुण अधिकाऱ्यांनीं एक टिपण केलें : एक कोटीवरील मिळकतीस काहीं काळ शेंकडा ४० दर असावा, किंवा संपत्तिकर पुन्हां आणावा. सरकारनें तें टिपण आपलें नाहीं असें जाहीर करून उलट चौकशी लावली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत अमेरिकेंतील वारसाकराचा नुसता उल्लेख एका विरोधी पुढाऱ्यानें केला मात्र, शेंकडा ५५ हा आकडा देशभर फिरला. सत्ताधाऱ्यांनीं त्यावर सभा गाजविल्या. उल्लेख करणाऱ्याच्याच पक्षानें तो आपला विचार नसल्याचें सांगितलें. मग १९८५ सालीं मृत्युकर कोणी आणि कां काढला यावर वाद पेटला. अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारचा वरचा दर ४० आहे, कांहीं राज्यें आपला कर त्यावर वेगळा घेतात, आणि त्या वर्षीं माणशीं सुमारें १ कोटि ३६ लाख डॉलरपर्यंतची मालमत्ता मध्यवर्ती करांतून माफ होती, हें श्रोत्यांपैकीं किती जणांच्या कानांवर आलें असेल? दर सर्वांनीं ऐकला. पाया कोणी सांगितला नाहीं.

कर वाढवा म्हणणाऱ्यांपाशीं आज बळकट पुरावा आहे. पॅरिस येथील विषमता अभ्यासमंडळानें २०२४ सालीं काढलेल्या हिशेबाप्रमाणें २०२२-२३ मध्यें भारतांतील शेंकडा १ लोकांकडे देशाच्या मिळकतीचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के भाग होता. गॅब्रिएल झुकमान या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानें त्याच वर्षीं वीस राष्ट्रांच्या गटापुढें अशी योजना ठेवली कीं जगांतील सुमारें ३,००० अब्जाधीशांनीं दर वर्षीं आपल्या संपत्तीच्या निदान शेंकडा २ इतका कर भरावा. विरोधकांपाशींही नुसता स्वार्थ नाहीं. १९९० सालीं पुढारलेल्या देशांच्या संघटनेंतील १२ देशांत संपत्तिकर होता. २०१७ पर्यंत चारच उरले. भांडवल पळतें, संपत्तीची किंमत ठरवितां ठरवितां खातें थकतें, आणि जें हातीं येतें तें थोडें, हा त्यांचा अनुभव. मात्र स्वित्झर्लंडसारख्या धनिकांच्या माहेरघरांत तो कर अजून चालतो, आणि बरा चालतो. तेथें दर लहान आहे, पाया रुंद आहे. कॅल्डॉर यांच्या पथ्याची आठवण व्हावी अशी ती रीत आहे.

आजची मोठी संपत्ति वाड्यांत किंवा दागिन्यांत नाहीं. ती कंपन्यांच्या भागांत आहे. भागाची किंमत दसपट झाली तरी तो विकेपर्यंत मिळकत धरली जात नाहीं. धनवान् तो विकतच नाहीं; तारण ठेवून कर्ज काढतो आणि त्यावर थाटांत राहतो. तो वारला कीं भाग वारसाकडे जातात, तेव्हांही कर नाहीं. विकलेच, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यास २०२४ च्या जुलईपासून शेंकडा १२.५ हा दर ठरला आहे. २०२५ च्या अंदाजपत्रकानें पगारदारास २४ लाखांवरील रुपयास शेंकडा ३० लावले. दोघांचा एकेक रुपया शेजारीं ठेवून पाहिला तर श्रम करणाराचा रुपया अधिक झिजतो, हें समजण्यास अर्थशास्त्र लागत नाहीं.

आणि दुसरें पारडें? मीठ आज वस्तु व सेवा करांतून मुक्त आहे. १९४७ पासून त्यावर पुन्हां तसा बोजा टाकण्याचें धाडस कोणी केलें नाहीं. पण साबण, केसांचें तेल, दांत घासण्याची पूड, चपला, मोटारीचें भाडें, या सर्वांतून मजूर कर भरतो, आणि तो भरतो हें त्याच्या पावतीवर क्वचितच ठळक दिसतें. २०२५ च्या सप्टेंबरांत यांतील पुष्कळ जिनसांवरील दर खालीं आणण्यांत आले, हें ठीकच झालें. जी रक्कम त्यामुळें कमी पडेल ती कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्न अंदाजपत्रक करणाऱ्यापुढें गोखल्यांच्या वेळीं होता तसाच आहे.

यापुढें कोणी दोन टक्क्यांची किंवा पांच टक्क्यांची घोषणा केली, तर तिच्या आधीं कांहीं रूक्ष गोष्टी ठरवाव्या लागतील. बाजारांत न विकल्या जाणाऱ्या खाजगी कंपनीच्या भागाची किंमत कोण ठरविणार? कुटुंबाच्या निधींतील संपत्ति कोणाच्या नांवें धरणार? एकत्र कुटुंबाची दुहेरी माफी राहणार कीं जाणार? येणाऱ्या पैशांत राज्यांना वांटा असणार कीं तो पुन्हां अधिभार म्हणून केंद्रांतच राहणार? आणि शेतीच्या नांवाखालीं दाखविली जाणारी बागायतदारांची, बी-बियाणांच्या मोठ्या कंपन्यांची मिळकत आंत घेणार कीं बाहेर ठेवणार? या शेवटच्या प्रश्नाचें तूर्तचें उत्तर छापून तयार आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यासाठीं जो नवा प्राप्तिकर कायदा संसदेनें २०२५ सालीं संमत केला, त्यांत जुनीं शेंकडों कलमें गाळलीं, भाषा सोपी केली, क्रम बदलला. १८८६ सालची शेतीच्या उत्पन्नाची माफी मात्र त्यांतही आहे.